हट्टी दमा आणि छातीचा स्कॅन

दम्याच्या जुन्या रुग्णाच्या घरी छातीच्या फोटोंचे एक पाकीट हमखास सापडते. दर वेळी धाप लागली की नवा फोटो आणि दर वेळी उत्तर एकच, ‘फोटो चांगला आहे.’ मग रुग्ण विचारतो की फोटो चांगला आहे तर दम का लागतो? आणि अलीकडे काही डॉक्टर दम्यासाठी थेट सी.टी. स्कॅन करावयास सांगतात, तो कशासाठी? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे आज पाहू.

फोटोत दमा का दिसत नाही?

दमा हा श्वासनलिकांचा विकार आहे. नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात, आतील अस्तर सुजते आणि चिकट कफ साठतो. या तीन कारणांनी नलिकेची पोकळी अरुंद होते व छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो. या नलिका फांद्या फुटत फुटत एक मिलिमीटरहूनही बारीक होत जातात.

साध्या क्ष-किरण फोटोत छातीतील सर्व भागांच्या सावल्या एकावर एक पडतात. बरगड्या, हृदय, रक्तवाहिन्या या गर्दीत बारीक नलिकेची सूज दिसणे कठीणच. म्हणून बहुतेक दमेकऱ्यांचा फोटो निर्दोष असतो. दम्याचे निदान होते ते रुग्णाच्या हकिकतीवरून आणि स्पायरोमेट्रीवरून, म्हणजे यंत्रात जोराने फुंकून करावयाच्या तपासणीवरून. फोटो काढतात तो दुसरा एखादा रोग नाही ना, हे पाहण्यासाठी. जोराचा अटॅक आला असता न्यूमोनिया झाला आहे काय, किंवा फुप्फुसाबाहेर हवा जमून फुप्फुस दबले आहे काय, हेही फोटोत कळते.

कोणत्या दम्याला ‘तीव्र’ म्हणावे?

एखादी रात्र वाईट गेली म्हणजे दमा तीव्र झाला असे नव्हे. पंपातील स्टेरॉइडची मोठी मात्रा आणि जोडीला दुसरे औषध नियमित घेऊनही जो आटोक्यात येत नाही, किंवा ही औषधे थोडी कमी करताच उसळतो, तो तीव्र दमा. दम्याच्या १०० प्रौढ रुग्णांत असे रुग्ण साधारण ३ ते १० असतात.

बरे वाटेनासे झाले की आपलाही दमा तीव्रच, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात त्यातील अनेकांचा पंप चुकीच्या पद्धतीने ओढला जात असतो, किंवा बरे वाटताच बंद केलेला असतो. घरात चुलीचा धूर असतो, विडी-सिगारेट चालू असते, नाकाच्या ॲलर्जीकडे दुर्लक्ष झालेले असते. कधी दुखण्यावरची गोळी किंवा रक्तदाबाचे एखादे औषध दमा वाढवीत असते. स्कॅनपूर्वी या गोष्टी तपासल्या पाहिजेत. पंप ओढण्याची रीत पाहण्यास पाच मिनिटे पुरतात आणि त्याला खर्च नाही.

स्कॅनमध्ये काय दिसते?

क्ष-किरणांचा शोध राँटजेन यांनी १८९५ साली लावला. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, १९७१ साली, इंग्लंडमध्ये हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचा सी.टी. स्कॅन झाला. या यंत्रात क्ष-किरण शरीराभोवती फिरतात व संगणक आतील भागाचे काप केल्यासारखी चित्रे तयार करतो. फुप्फुसांसाठी जो बारकाईचा स्कॅन करतात त्याला एच.आर.सी.टी. म्हणतात. त्यातील एकेक काप साधारण एक मिलिमीटरचा असतो. यासाठी सहसा शिरेतून औषध टोचावे लागत नाही. श्वास रोखून काही क्षण निश्चल पडून राहावे लागते, इतकेच.

तीव्र दम्यात डॉक्टर मुख्यतः चार गोष्टी पाहतात.

पहिली, श्वासनलिकांच्या भिंतींची जाडी. वर्षानुवर्षे सूज राहिली की भिंती जाड होतात.

दुसरी, अडकलेली हवा. यासाठी श्वास पूर्ण सोडल्यावर पुन्हा चित्रे घेतात. निरोगी फुप्फुसातील हवा बाहेर पडली की तो भाग चित्रात उजळ दिसतो. जेथे बारीक नलिका बंद आहेत तेथे हवा अडकून राहते व तो भाग काळाच राहतो. वाकळेला ठिगळे लावावीत तसे चित्र दिसते.

तिसरी, कफाची बुचे. अमेरिकेतील संशोधकांनी २०१८ साली १४६ दमेकऱ्यांचे स्कॅन तपासून फुप्फुसाचे भाग मोजले. त्यांतील ५८ टक्के रुग्णांत निदान एका भागात तरी नलिका कफाने पूर्ण बुजलेली होती. ज्यांच्यात अशी बुचे अधिक, त्यांची फुंकण्याची ताकद कमी. विशेष म्हणजे अशा अनेकांना खोकला वा बेडका फारसा नव्हता. कफ पडत नाही म्हणजे कफ नाही, ही समजूत त्यामुळे चुकीची ठरली. नलिका मोकळ्या करणारा पंप अशा बुचापलीकडे पोहोचत नाही, हे सांगावयास नकोच.

चौथी, कायमच्या रुंदावलेल्या नलिका. ही गोष्ट आपल्याकडे फार महत्त्वाची आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर.

बुरशीची ॲलर्जी आणि टी.बी.चा घोटाळा

ओलसर भिंती, कुजका पालापाचोळा, साठवलेला भुसा यांवर ॲस्परजिलस नावाची बुरशी वाढते. तिचे कण आपण सगळेच श्वासातून घेतो व बहुतेकांना काही होत नाही. काही दमेकऱ्यांच्या श्वासनलिकांत मात्र ती ठाण मांडते आणि शरीर तिच्याविरुद्ध ॲलर्जीचा भडका उडवते. दमा हटेनासा होतो, बारीक ताप येतो, खोकल्यातून तपकिरी रंगाचे घट्ट गोळे पडतात, कधी रक्तही येते. या विकाराला थोडक्यात ए.बी.पी.ए. म्हणतात. त्याचे पहिले वर्णन इंग्लंडमध्ये १९५२ साली झाले.

या रुग्णाच्या साध्या फोटोत डाग दिसतात. ताप, खोकला, डाग एवढे जुळले की आपल्याकडे प्रथम आठवतो तो टी.बी. मग सहा-सहा महिने टी.बी.ची औषधे चालतात आणि दमा आहे तिथेच राहतो. दरम्यान बुरशीची सूज नलिकांच्या भिंती पोखरत असते. एकदा रुंदावलेली नलिका पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून येथे वेळेला किंमत आहे.

एच.आर.सी.टी.मध्ये मध्यभागाकडील नलिका रुंदावलेल्या आणि दाट कफाने भरलेल्या दिसल्या की संशय बळावतो. केवळ चित्रावर निदान होत नाही. रक्तातील आय.जी.ई. व त्या बुरशीविरुद्धचे आय.जी.ई. तपासून ते पक्के करतात. उपचार पोटात घेण्याच्या स्टेरॉइड किंवा इट्राकोनॅझोल या गोळ्यांनी, काही महिने चालतो. मात्र कोणीही आपल्या मनाने टी.बी.ची औषधे बंद करू नयेत. बेडका तपासून टी.बी. आहे की नाही याची खात्री डॉक्टरांनाच करू द्यावी.

दमा नसलेला ‘दमा’

काही वेळा स्कॅन वेगळीच गोष्ट सांगतो. चुलीच्या किंवा विडीच्या धुराने फुप्फुसांची चाळण झालेली असते. कबुतरांच्या विष्ठेच्या धुळीने फुप्फुसांना सूज आलेली असते. पूर्व विदर्भासारख्या हत्तीरोगाच्या पट्ट्यात त्याच जंतांमुळे खोकला व धाप लागते, आणि त्याचे औषध अगदी निराळे असते. लहान मुलाच्या एकाच बाजूच्या छातीत घरघर येत असेल तर नलिकेत अडकलेला शेंगदाणा आठवावा. तो फोटोत दिसत नाही, पण त्या बाजूचे फुप्फुस फुगलेले दिसते.

उपयोग काय, तोटा काय?

तीव्र दम्यासाठी आता नवी, महागडी इंजेक्शने मिळतात. ती कोणाला द्यावीत हे मुख्यतः रक्ताच्या तपासण्यांवरून ठरते, पण स्कॅनने चित्र स्पष्ट होण्यास मदत होते. टेझेपेलुमॅब या इंजेक्शनाने कफाची बुचे कमी होतात, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्कॅनवरूनच दिसले. झेनॉन वायू हुंगवून एम.आर.आय. काढण्याच्या पद्धतीला अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळाली. तीत क्ष-किरण लागत नाहीत व हवा फुप्फुसात कोठे पोहोचत नाही हे दिसते. पण ती मोजक्या मोठ्या केंद्रांपुरती आहे.

तोटाही लक्षात घ्यावा. निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. छातीच्या साध्या फोटोत ०.१ किंवा त्याहून कमी, तर नेहमीच्या सी.टी.त साधारण ५ ते ७ मिलिसिव्हर्ट मिळतो. एका आवश्यक स्कॅनला घाबरू नये, पण दर अटॅकला स्कॅनचा आग्रहही धरू नये. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांच्याबाबत अधिक जपावे. दिवस गेल्याची शंका असेल तर आधी सांगावे.

रुग्णांनी एवढे करावे

पंप डॉक्टरांसमोर ओढून दाखवावा. जुने फोटो व अहवाल फेकू नयेत. जुन्या डागाशी नवा डाग ताडून पाहता येतो. नियमित औषधे घेऊनही वर्षात दोन-तीनदा स्टेरॉइडच्या गोळ्या लागत असतील, खोकल्यातून रक्त वा तपकिरी गोळे पडत असतील, किंवा बेडक्यात जंतू न सापडताच टी.बी.चा उपचार होऊनही धाप तशीच असेल, तर छातीच्या तज्ज्ञांना ‘स्कॅनची गरज आहे काय?’ असे जरूर विचारावे. स्कॅन हा उपचार नव्हे. त्याने योग्य उपचाराची दिशा कळते, आणि दिशा कळल्यावर पंप नियमित घेण्याचे काम रुग्णालाच करावे लागते.