सत्यकथांचा गठ्ठा

वाचनालयातून एकदम सहा पुस्तके घरी आणायची तर एका कार्डावर भागत नाही. आईचे आणि धाकट्या भावाचे कार्ड उसने घ्यावे लागते. यंदाच्या पावसाळ्यात मी असा एक गठ्ठा आणला. सहाही पुस्तके खऱ्या खुनांवरची! आजीने वरचे मुखपृष्ठ पाहिले आणि "श्रावणात हे कसले अभद्र घरात आणलेस?" एवढेच विचारले. आजीचा प्रश्न काही अगदीच चुकीचा नव्हता. परंतु ही पुस्तके वाचणारे आपल्या महाविद्यालयात पुष्कळ आहेत (प्राध्यापकवर्गातही आहेत, नावे सांगत नाही), म्हणून त्यांची घडण कशी असते ते इथे थोडे उलगडून सांगावे म्हणते.

प्रथम नावाचीच अडचण. इंग्रजीत या प्रकाराला 'ट्रू क्राइम' म्हणतात. मराठीत 'सत्यकथा' म्हणावे, तर जुन्या वाचकांच्या डोळ्यांसमोर १९८२ साली बंद पडलेले ते वाङ्मयीन मासिक उभे राहते. 'रहस्यकथा' म्हणावे, तर त्या अर्नाळकरांच्या. बाबूराव अर्नाळकरांनी मराठी वाचकाला खुनाची गोडी लावली खरी, पण त्यांच्या गोष्टीतला मेलेला माणूस मुळात कधी जिवंतच नव्हता. माझ्या गठ्ठ्यातली माणसे मात्र कुठल्या तरी गल्लीत राहत होती, त्यांच्या नावाचे रेशनकार्ड होते.

आता प्रश्न असा, की खून झाला त्या खोलीत काय घडले हे लेखकाला कळते कसे? जो मेला तो सांगू शकत नाही. उरतात तिघे: तपास करणारा अधिकारी, खुद्द गुन्हेगार, आणि गुन्ह्यात सामील असून पुढे सरकारपक्षाला मिळालेला माफीचा साक्षीदार. या प्रकारच्या लेखनाचे मूळ शोधू गेल्यास आपल्याच भागात यावे लागते. मेडोज टेलर हा निजामाच्या चाकरीतला इंग्रज अधिकारी. पुढे काही वर्षे तो नळदुर्गच्या किल्ल्यात राहिला. त्याचे 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' १८३९ साली प्रसिद्ध झाले आणि विलायतेत गाजले. पुस्तक म्हणायला कादंबरी, पण तिचा मालमसाला पकडलेल्या ठगांच्या जबान्यांतला. सबंध गोष्ट ठगच सांगतो, आणि ती इतकी रंगवून सांगतो की गळ्याला रुमाल आवळला गेलेल्या वाटसरूची आपल्याला आठवणही राहत नाही.

सव्वाशे वर्षांनंतर अमेरिकेत ट्रूमन कपोटीने 'इन कोल्ड ब्लड' लिहिले (१९६६). कॅन्सस राज्यातल्या एका शेतकरी कुटुंबातल्या चौघांची १९५९ साली हत्या झाली, त्याची ही हकीकत. कपोटी दोन्ही खुन्यांना तुरुंगात वारंवार भेटला. पुस्तकातले अक्षर न् अक्षर खरे असल्याचा त्याचा दावा होता, पण शेवटचा स्मशानभूमीतला प्रसंग त्याने मनाने रचला होता असे पुढे उघड झाले. तरीही पुस्तक वाचून संपल्यावर मनात घर करून राहतो तो त्या दोघांपैकी एक खुनी.

आपल्याकडे याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे पुण्याचा जोशी-अभ्यंकर खून खटला. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा खून झाले. करणारे कोण? अभिनव कला महाविद्यालयाचे विद्यार्थी, म्हणजे आपल्याच वयाची, चित्रकला शिकणारी मुले! त्यांचाच एक साथीदार माफीचा साक्षीदार झाला. राजेंद्र जक्कल आणि इतर तिघांना सत्र न्यायालयाने सप्टेंबर १९७८ मध्ये फाशीची शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत ती कायम राहिली, आणि १९८३ साली येरवड्याच्या तुरुंगात तिची अंमलबजावणी झाली. या चौघांपैकी मुनव्वर शाह याने तुरुंगात आत्मकथन लिहिले: 'येस, आय अ‍ॅम गिल्टी'. १९८६ साली 'माफीचा साक्षीदार' हा चित्रपट आला आणि जक्कलच्या चेहऱ्याच्या जागी नाना पाटेकरांचा चेहरा कायमचा बसला.

माफीच्या साक्षीदाराच्या सांगण्याला न्यायालय स्वतंत्र पुराव्याचा आधार मागते, कारण तो स्वतःचा जीव वाचवण्यासाठी बोलत असतो. पुस्तकाचा वाचक असा आधार कधी मागतो का? त्याला सांगणारा हवा असतो. आणि सांगायला बहुधा तोच उरलेला असतो, ज्याने मारले.

खटल्याचे नावही पाहण्यासारखे आहे. त्यात दोन आडनावे आली. पहिला बळी त्या मुलांच्याच महाविद्यालयातला विद्यार्थी. त्याचे नाव नाही. शेवटच्या तरुणाचेही नाही. अभ्यंकरांच्या घरातली कामाची बाई त्याच रात्री मारली गेली, तिचेही नाही. (त्यांचे आप्त असतील, म्हणून मीही ती नावे इथे छापत नाही, पण न्यायालयाच्या कागदपत्रांत ती सर्व नोंदलेली आहेत.) पुढच्या वेळी गठ्ठा आणणाऱ्यांनी न्यायालयाची निकालपत्रेही जरूर पाहावीत. ती रुक्ष असतात, पण त्यांत प्रत्येक मेलेल्या माणसाला क्रमाने जागा मिळते.

आणि ज्यांचे आडनाव खटल्याला चिकटले ते अभ्यंकर कोण? हे मात्र सहापैकी एकाही पुस्तकात दोन ओळींपलीकडे नाही. 'एक वृद्ध संस्कृत पंडित' म्हटले की लेखकाचे काम संपते. काशीनाथशास्त्री अभ्यंकर अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यांचे वडील महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री यांनी पतंजलीचे व्याकरणमहाभाष्य मराठीत आणले. त्याला विस्तृत प्रस्तावनाखंड जोडला तो काशीनाथशास्त्रींनी. संस्कृत व्याकरणाच्या पारिभाषिक संज्ञांचा त्यांचा कोश १९६१ साली बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने काढला. पाणिनी वाचणारा देशी-परदेशी अभ्यासक अडला की आजही तो कोश उघडतो. वाचनालयाच्या दशांश वर्गीकरणात खुनांची पुस्तके ३६४ या क्रमांकाखाली लागतात आणि संस्कृतची ४९१.२ खाली. जक्कलची ओळख करून घ्यायची तर पहिल्या फडताळापाशी जावे लागते, आणि अभ्यंकरशास्त्रींची करून घ्यायची तर दुसऱ्या.

१ डिसेंबर १९७६ रोजी त्यांच्या बंगल्यात शास्त्रीबुवांसह पाच जण मारले गेले. त्या वेळी त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती. कोशाची सुधारलेली दुसरी आवृत्ती निघाली ती १९७७ साली. पोलिसांनी त्या मुलांना पकडले तेही त्याच वर्षी, मार्चच्या अखेरीस.