बंद कार्यालयातील साचलेले पाणी
25 मार्च 2020 पासूनच्या टाळेबंदीत देशभरातील असंख्य कार्यालये बंद राहिली, तेव्हा त्यांच्या टाक्यांत आणि जलवाहिन्यांत पाणीही साचून राहिले. वापर थांबला की पाण्यातील जंतुनाशक क्लोरीन हळूहळू विरून जाते आणि 25 ते 45 अंश सेल्सिअस तापमानात लीजिओनेला हा जिवाणू वाढू लागतो. 1976 मध्ये फिलाडेल्फियातील माजी सैनिकांच्या अधिवेशनात पसरलेल्या न्यूमोनियाच्या साथीमागे हाच जिवाणू होता. शॉवरमधून किंवा मोठ्या वातानुकूलन यंत्रणेच्या शीतकरण मनोऱ्यातून, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या संचातून, उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांवाटे तो फुप्फुसांत शिरतो. म्हणूनच कर्मचारी परतण्यापूर्वी टाक्या धुणे आणि प्रत्येक नळ, अगदी कोपऱ्यातल्या बेसिनचाही, गंजाचे तांबूस पाणी जाऊन ताजे पाणी येईपर्यंत वाहू देणे अत्यावश्यक ठरते.