इन्सुलिनचा दुसरा जन्म

मधुमेहाच्या अनेक रुग्णांना जगण्यासाठी बाहेरून इन्सुलिन घ्यावे लागते. हे संप्रेरक कॅनडातील टोरांटो विद्यापीठात १९२१-२२ साली प्रथम वेगळे करण्यात आले. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप या संशोधकांनी त्याच्या पेटंटचे हक्क प्रत्येकी अवघ्या एका डॉलरला आपल्या विद्यापीठाला देऊन टाकले. औषध कोणा एकाची मिरासदारी होऊ नये, ही त्यामागची भावना. त्यानंतर सुमारे साठ वर्षे कत्तलखान्यांतील गाई-डुकरांच्या स्वादुपिंडांतून इन्सुलिन काढले जाई.

त्याचा दुसरा जन्म अमेरिकेत झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्टॅन्ली कोहेन आणि सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील हर्बर्ट बॉयर यांची १९७२ मध्ये हवाई येथील परिषदेत भेट झाली. डीएनएचा धागा ठरावीक जागी कापणारे विकर बॉयर यांना अवगत होते. कापलेला तुकडा जिवाणूत पोहोचवण्याची रीत कोहेन यांना. वर्षभरातच दोघांनी मिळून एका सजीवाचे जनुक दुसऱ्यात जोडून दाखवले. जिवाणू वाढला की ते जनुकही वाढते.

तथापि चंचुपात्रातील यश म्हणजे औषध नव्हे. मोठ्या टाक्या, शुद्धतेच्या चाचण्या, रुग्णांवरील प्रयोग आणि शासनाची मान्यता यांचा खर्च विद्यापीठाच्या आवाक्याबाहेरचा असतो. रॉबर्ट स्वॅन्सन हा अठ्ठावीस वर्षांचा तरुण १९७६ च्या आरंभी बॉयर यांच्याकडे आला. बॉयर यांनी दहा मिनिटे दिली होती. गप्पा तीन तास रंगल्या! दोघांनी प्रत्येकी ५०० डॉलर घालून ‘जेनेन्टेक’ ही कंपनी काढली. बॉयर यांनी आपली प्राध्यापकी मात्र सोडली नाही.

इन्सुलिनचा रेणू २१ आणि ३० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्यांचा असतो. सिटी ऑफ होप या संस्थेतील शास्त्रज्ञांनी त्यांची जनुके रासायनिक रीतीने घडवली. दोन्ही साखळ्या जिवाणूंकडून वेगवेगळ्या तयार करवून मग जोडण्यात आल्या. हे १९७८ साली साधले आणि १९८२ मध्ये मानवी इन्सुलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. ते बाजारात आणणारी एली लिली कंपनी तीच, जिने टोरांटोचे इन्सुलिनही बनवले होते.

दरम्यान १९८० साली जेनेन्टेकचा ३५ डॉलरचा समभाग विक्रीस येताच तासाभरात ८८ डॉलरवर गेला. त्याच वर्षी अमेरिकेने नवा कायदा करून सरकारी पैशांतून झालेल्या संशोधनाचे पेटंट विद्यापीठांना स्वतःकडे ठेवण्याची मुभा दिली. कोहेन-बॉयर पेटंटने पुढे २५ कोटी डॉलरहून अधिक मिळवून दिले. पण बॉयर यांचे सहकारी नाराज होते. कंपनीचे आरंभीचे काम विद्यापीठाच्याच प्रयोगशाळेत चालले होते. मग ते प्राध्यापकाचे की भागधारकाचे? जिथे मोकळेपणाने बोलणे होई, तिथे आता लोक शब्द तोलू लागले.

पुढे हा वाद न्यायालयात गेला. वाढीच्या संप्रेरकाच्या पेटंटवरून विद्यापीठाने १९९० मध्ये जेनेन्टेकवर दावा लावला. विद्यापीठ सोडून कंपनीत गेलेल्या एका संशोधकाने, आपण प्रयोगशाळेतील डीएनएचे नमुने सोबत नेले होते, असे साक्षीत सांगितले. कंपनीने आरोप नाकारला. तरी १९९९ मध्ये २० कोटी डॉलर देऊन तिने तडजोड केली. त्यांतील ५ कोटी विद्यापीठाच्या नव्या संशोधन इमारतीसाठी होते. त्या इमारतीचे नाव ‘जेनेन्टेक हॉल’ असे आहे.