चवीनुसार मीठ

मिठाची एक किलोची पुडी फोडली की तिच्यावर पेनने तारीख टाकायची, हा नेम आमच्या घरात गेल्या वर्षी सुरू झाला. निमित्त आईच्या बीपीचं. गोळी चालू असूनही वरचा आकडा १६०च्या खाली यायला तयार नव्हता. डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा. आईला ते मनापासून लागलं. "अहो, पानात मीठ वाढून घेणं मी केव्हाच सोडलंय." आणि ते खरंच होतं. लिंबाच्या फोडीशेजारी चिमूटभर मीठ वाढून घेणं तिने दोन वर्षांपूर्वीच बंद केलं होतं.

मग मीठ येतं कुठून, हे बघायला आम्ही पुडीवर तारीख टाकली. घरात माणसं चार. पुडी २९ दिवसांत संपली. हिशेब सोपा आहे: माणशी रोज साडेआठ ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी घालून दिलेली मर्यादा ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. त्या मापाने चौघांना तीच पुडी ५० दिवस पुरायला हवी. आमचं घर काही वेगळं नाही. २०१७-१८च्या राष्ट्रीय पाहणीत १८ ते ६९ वयाच्या भारतीयांचं रोजचं मीठ सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास निघालं होतं.

हा पुडीचा हिशेब अमेरिकेत करून उपयोग नाही. तिथे पोटात जाणाऱ्या सोडियमपैकी सुमारे ७० टक्के पाव, चीज, डबाबंद सूप, हॉटेलचं जेवण असं बाहेरून तयार होऊन येतं. आपल्याकडे अजून तरी बरंचसं मीठ घरच्याच हाताने पडतं: कणकेत, आमटीत, कोशिंबिरीत, ताकात. आपल्या पाककृतींत डाळ वाटीने मोजतात, तिखट चमच्याने, आणि मिठापुढे लिहितात 'चवीनुसार'. ज्या जिनसाचं माप सर्वांत जपायला हवं, तोच आपण जिभेच्या हवाली केला आहे.

मिठाने रक्तदाब का वाढतो, हे सांगताना बहुतेक जण म्हणतात, मीठ पाणी धरून ठेवतं. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. रक्तातलं सोडियमचं प्रमाण शरीर फार काटेकोरपणे सांभाळतं. खारट खाल्लं की तहान लागते, प्यायलेलं पाणी अंगात राहतं, रक्ताचं आकारमान थोडं वाढतं आणि रक्तवाहिन्यांवर दाब येतो. निरोगी तरुण माणसात मूत्रपिंडं हे जास्तीचं मीठ आणि पाणी काही दिवसांत बाहेर टाकतात. मग काहींचाच दाब चढलेला का राहतो?

याचं उत्तर मूत्रपिंडाच्या कामात आहे, आणि ते काम बघून मी थक्क झालो होतो. आपली दोन मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यात जवळपास दीड किलो मिठाइतकं सोडियम असतं, म्हणजे आमच्या दीड पुडीइतकं, रोज! त्यातलं ९९ टक्क्यांहून अधिक ती परत रक्तात ओढून घेतात. मीठ दुर्मीळ होतं त्या काळात घडलेली ही यंत्रणा आहे. मीठ धरून ठेवण्यात ती वाकबगार आहे, सोडून देण्यात तेवढी नाही.

अमेरिकेतल्या मिसिसिपीमध्ये आर्थर गायटन या शरीरशास्त्रज्ञाने या कोड्यावर आयुष्य वेचलं. त्याला शल्यविशारद व्हायचं होतं, पण पोलिओने हात अधू झाला आणि तो संशोधनाकडे वळला. त्याने दाखवलं ते असं: रक्ताचा दाब वाढला की मूत्रपिंडातून मीठ जास्त बाहेर पडतं. वय, आनुवंशिकता, मधुमेह, लठ्ठपणा किंवा किडनीचा आजार यांमुळे मीठ टाकण्याची ताकद उणावली, की तेवढंच मीठ बाहेर ढकलायला शरीराला जास्त दाब लागतो. म्हणजे ८ ग्रॅम मीठ खाणाऱ्या माझ्या आईचं शरीर रोज ८ ग्रॅमच बाहेर टाकत होतं, हिशेब चोख होता. फक्त तो चोख ठेवण्यासाठी दाब १६०वर न्यावा लागत होता. ती किंमत हृदय, मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या आणि खुद्द मूत्रपिंडं मोजत होती. रक्तदाब हा शब्द मी इतकी वर्षं ऐकत होतो, पण हे कळलं तेव्हा तो मला पहिल्यांदा समजला.

एकाच आमटीने घरातल्या चौघांचा दाब सारखा चढत नाही, तेही यामुळेच. उतारवयातल्यांचा आणि ज्यांना आधीच बीपी आहे त्यांचा जास्त चढतो.

१९८८मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरसॉल्ट' अभ्यासात ५२ ठिकाणच्या दहा हजारांहून अधिक लोकांचं लघवीतलं सोडियम आणि रक्तदाब मोजला गेला. त्यात ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी होते. त्यांच्या जेवणात वरून घातलेलं मीठ जवळजवळ नाहीच. त्यांचा वरचा दाब सरासरी शंभराच्या आत होता आणि वयाबरोबर तो वाढतही नव्हता. वय झालं की बीपी वाढायचंच, असं आपण गृहीत धरतो. तिथे तसं घडत नव्हतं.

पण यानोमामींची सगळी राहणीच वेगळी, त्यामुळे श्रेय एकट्या मिठाला देता येत नाही. मला जास्त पटतो तो उत्तर चीनमधल्या खेड्यांतला प्रयोग, कारण तिथेही मीठ घरच्या कढईतच पडतं. ६०० गावं, सुमारे २१ हजार माणसं. कुणाला पूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला, कुणी साठीपुढचे आणि बीपी असलेले. निम्म्या गावांना वेगळं मीठ दिलं: ७५ टक्के नेहमीचं सोडियम क्लोराइड आणि २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड. बाकी स्वयंपाक तोच. जवळपास पाच वर्षांनी, २०२१मध्ये निष्कर्ष आले. वरचा दाब सरासरी तीन-साडेतीन मिलिमीटरनेच उतरला होता. एका माणसाच्या बाबतीत एवढा फरक सकाळ-संध्याकाळच्या मोजणीतही पडतो. पण या मीठवाल्या गावांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले आणि मृत्यू १२ टक्क्यांनी.

यात पोटॅशियमचाही वाटा आहे. ते भरपूर मिळालं की मूत्रपिंड सोडियम परत ओढायला ढिलं पडतं. डाळी, पालेभाज्या, केळी, शहाळ्याचं पाणी यांत ते असतंच. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२५मध्ये घरगुती वापरासाठी अशा मिठाची शिफारस केली, पण किडनीचा त्रास असणारे, गरोदर स्त्रिया आणि लहान मुलं वगळून. हा अपवाद कृपया हलक्याने घेऊ नका. रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या काही गोळ्याही ते वाढवतात. आईची गोळी तीच. म्हणून डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितलं आणि आम्ही सध्या नेहमीचंच मीठ, पण मोजून, वापरतो.

उपासाचं सैंधव त्यापेक्षा बरं, असं शेजारच्या काकूंनी सुचवलं. पण सैंधवही जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच असतं. शिवाय त्यात पुडीतल्या मिठासारखं आयोडीन सहसा घातलेलं नसतं. सोडियम पापडखारात आहे, ढोकळ्याच्या सोड्यातही आहे. आणि कैरीच्या लोणच्यात मीठ चवीपुरतं नसतं, लोणचं टिकावं एवढं असतं. मात्र मीठ पार बंद करणं हाही उपाय नव्हे. उन्हात घाम गाळणाऱ्याला आणि जुलाब होणाऱ्याला ते लागतंच.

आम्ही सुरुवात कणकेपासून केली. चिमूटभर मीठ कमी पडलं तर पोळीत कुणाला कळलंही नाही. आमटीत कळलं. पहिले पंधरा दिवस मुलगा "अळणी आहे" म्हणत होता, आई लिंबू पिळून जेवत होती. जीभ मात्र बदलते, त्याला दोन-तीन महिने लागतात. दिवाळीनंतरच्या एका लग्नात आईने मसालेभाताचा पहिलाच घास घेतला आणि पाण्याचा पेला पुढे ओढला. "केवढा खारट केलाय!" म्हणाली. शेजारच्या पंक्तीत सगळे तोच भात मागून घेत होते.

गोळी चालू आहे. वरचा आकडा आता १४०च्या अलीकडे-पलीकडे असतो. पुडीवर तारीख हल्ली आईच टाकते. मागची पुडी ४६ दिवस पुरली. अजून चार दिवस कमी पडतात, आणि लोणच्याची बरणी आम्ही या हिशेबात धरलेली नाही.