विष उतरल्यानंतरची ड्युटी

कपाशीवर फवारणी सुरू झाली की पूर्णेच्या खोऱ्यातल्या दवाखान्यांत एक वाक्य वरचेवर कानी येतं : “सिस्टर, यानं औषध पेलं.” मलकापूर, मोताळा, नांदुरा, कुठलंही गाव असो, आणणारे चारजण घामाघूम झालेले असतात आणि पाचवा बाहेर फोनवर असतो. सिस्टर पहिल्यांदा विचारते ते इतकंच : कोणतं, किती वाजता, डबा आणलाय का?

पुढचं काम तिच्या हाताला सवयीचं असतं. कपडे उतरवायचे, अंग साबणानं धुवायचं, सलाईन लावायचं, डॉक्टर सांगतील तसं विषावर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपीन द्यायचं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आहेत का, तोंडाला लाळ किती, छातीत घरघर आहे का, हे पुन्हा पुन्हा बघायचं. पहिल्या एक ते चार दिवसांत रुग्णाला उशीवरून मान उचलता येईनाशी झाली, तर श्वासाचे स्नायूही दमत चालल्याचा तो इशारा असतो. म्हणून “मान उचला बरं” हे सांगणं प्रत्येक फेरीला चालू राहतं.

खरी कसोटी पुढे आहे. मनोरुग्ण परिचर्या म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरचं नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय. मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा तरी राजूर घाट चढून बुलढाण्याला जावं लागतं. पण या परिचर्येची मूळ तत्त्वं सर्वात जास्त लागतात ती तालुक्याच्या जनरल वॉर्डात, विष उतरल्यावर डोळे उघडणाऱ्या माणसाजवळ.

दुसऱ्या रात्री एखादा रुग्ण चादर चिमटीत धरून ओढू लागतो, हवेतलं काहीतरी वेचतो, बायकोला ओळखत नाही. नातेवाईक हळूच म्हणतात, “हे बाहेरचं दिसते.” बुलढाणा जिल्ह्यात सैलानीचा दर्गा आहे; होळीच्या यात्रेला तिथे नारळांची मोठी होळी पेटते आणि वेड लागलेलं, लागीर झालेलं माणूस घेऊन दूरदूरची कुटुंबं येतात. तेव्हा हा तर्क कुणालाच नवा नसतो. सिस्टर वाद घालत बसत नाही. ती कपाळाला हात लावते, नाडी मोजते. अंग तापलेलं आणि कोरडं, बाहुल्या मोठ्या, नाडी पळणारी असेल तर अ‍ॅट्रोपीन जास्त झाल्याची शंका घेऊन डॉक्टरांना उठवते. माणूस रोज पिणारा असेल तर दारू सुटल्यानंतरचा, साधारण दोन-तीन दिवसांनी उठणारा भ्रमही असू शकतो. अचानक सुरू झालेला, रात्री वाढणारा, दिवस-वार विसरायला लावणारा गोंधळ दिसला की आधी शरीरात कारण शोधायचं, हा या परिचर्येचा पहिला धडा.

अशा वेळी हात बांधायची घाई होते, कारण सलाईनची सुई निघते आणि नाईटला माणसं कमी असतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ इथे स्पष्ट आहे. रुग्णाला साखळदंड घालायला पूर्ण बंदी आहे. तात्काळ इजा टाळायला दुसरा उपायच उरला नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीनं, गरजेपुरतंच बांधता येतं. त्याची कारणासह नोंद लागते. कर्मचारी कमी आहेत ही सबब कायद्याला चालत नाही. या सक्तीमागे २००१ च्या ऑगस्टमधली तामिळनाडूतल्या एरवाडीची आग आहे. साखळीत अडकलेले मनोरुग्ण पळू शकले नाहीत आणि २८ जण गेले.

म्हणून आधी बाकीचं करून बघायचं : दिवा चालू ठेवायचा, ओळखीचं एकच माणूस उशाशी बसवायचं, प्रत्येक वेळी नाव आणि जागा सांगायची. “मी सिस्टर. तुम्ही दवाखान्यात आहात. रात्रीचे दोन वाजलेत.”

शुद्ध नीट आली की बोलणं सुरू होतं आणि इथेच बरेचजण घसरतात. “पोराबाळांचा तरी विचार करायचा होता” हे वाक्य वॉर्डात सहज निघतं. ऐकणाऱ्याची मान आणखी खाली जाते. तयारीची परिचारिका खुर्ची ओढून बसते आणि सरळ विचारते, “भाऊ, जीव द्यायचं अजून मनात येते का?” असं विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो ही समजूत खोटी आहे, उलट बऱ्याचजणांना बोलायला वाट मिळते. उत्तर “येते” असेल तर कसं, कधी, काही ठरवलंय का, हेही विचारायचं. मग खाट ड्युटी टेबलासमोर घ्यायची, उशाजवळचा चाकू, दोरी, औषधाच्या पट्ट्या काढायच्या, संडासला जातानाही कुणीतरी सोबत द्यायचं. अमेरिकेच्या हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ साली परिचारिका आणि रुग्ण यांच्यातल्या नात्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यातलं शास्त्र वॉर्डात या खुर्चीवर बसून वापरावं लागतं.

ऐकलेलं जसंच्या तसं लिहिणं हे अर्धं काम. “रुग्ण उदास” एवढ्या नोंदीनं सकाळच्या पाळीला काही कळत नाही. “दुपारपासून जेवला नाही, भिंतीकडे तोंड करून पडला, ‘आता काय उरलं’ असं दोनदा म्हणाला” या नोंदीनं कळतं.

घरचे मात्र “चुकून पोटात गेलं” यावर ठाम असतात, कारण पोलिसांची भीती असते. एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस म्हणून नोंद होते, जबाबही घेतला जातो. पण २०१७ च्या कायद्याच्या कलम ११५ नुसार जीव द्यायचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच आधी धरलं जातं आणि त्याची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी ठरते. असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुन्या दंडसंहितेतलं कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहिलंच नाही. हे दोन मिनिटांत समजावलं की बापलेकांची जीभ मोकळी होते आणि कर्ज, दारू, घरातला तंटा, आधीचा मनाचा आजार, जे असेल ते बाहेर येतं.

दवाखान्यातून सुट्टी मिळते त्या दिवशी कार्डावर गोळ्या लिहून मिळतात, पण त्यांचं सांगणं बाकी असतं. उदासीची गोळी लागू पडायला दोन ते चार आठवडे लागतात, हे कळलं नाही तर लोक आठव्या दिवशी ती सोडतात. मनाच्या चढउतारांवरची लिथियमची गोळी घेणाऱ्याला वैशाखात जास्त जपावं लागतं. उन्हात राबून अंगातलं पाणी आणि मीठ घटलं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, अडखळती जीभ आणि चाल दिसली की गोळी थांबवून तडक दवाखाना गाठायचा.

गावात पुढची नजर ‘आशा’ ताईंची. राज्याच्या आरोग्य विभागानं २०१५ साली शेतकऱ्यांसाठी सुरू केलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पाच्या १४ जिल्ह्यांत बुलढाणा आहे. आशांनी घरोघरी विचारपूस करून खचलेला माणूस हेरायचा आणि समुपदेशनापर्यंत पोचवायचा, ही त्याची रीत.

दवाखान्यातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात. अशा घरात फवारणीचं औषध ठेवू नका. शेजारच्या नाहीतर भावकीतल्या घरी कुलपात ठेवा. रुग्णाला एकटं सोडू नका, पुढच्या तारखेला त्याच्यासोबत कुणीतरी जा. आणि रात्री-अपरात्री मनात तसलं काही आलं, आपल्या किंवा दुसऱ्या कुणाच्या, तर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतून बोलता येतं.