अडलेला प्रेस आणि हाताचा जोर

काडतूस एकदा झाडले म्हणजे टोपी, दारू आणि गोळी खर्ची पडते. पितळी पुंगळी मात्र शाबूत राहते. अमेरिकेतील पुष्कळ नेमबाज ही पुंगळी घरच्या प्रेसवर पुन्हा भरून घेतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये परवान्यावाचून काडतुसे बनवता येत नाहीत. तेव्हा हा उद्योग कोणी घरी करावा असे आम्ही सुचवीत नाही. परंतु १८६९ मध्ये स्थापन झालेला खडकीचा दारूगोळा कारखाना ज्यांच्या शेजारी आहे आणि ज्यांचे आयुष्य प्रेसवर गेले, त्यांना या यंत्राची हकीकत परकी वाटू नये.

या प्रेसला ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हणतात ते एवढ्यासाठी की, दांड्याच्या एका ओढीत त्यावर अनेक कामे होतात. ॲरिझोना राज्यातील डिलन कंपनीचा ५५० प्रेस घ्या. त्याच्या गोल तबकडीवर चार घरे आहेत. पहिल्या घरात जुनी टोपी निघते, पुंगळी मापात येते आणि दांडा उलट रेटताच नवी टोपी बसते. दुसऱ्यात दारू पडते व पुंगळीचे तोंड किंचित उमलते. तिसऱ्यात गोळी बसते. चौथ्यात तोंड आवळले जाते. चारही घरे चालू झाली की प्रत्येक ओढीला एक काडतूस तयार!

धोका येथेच आहे. या प्रेसची तबकडी हाताने फिरवावी लागते. मध्येच काही अडले, दांडा मागेपुढे झाला आणि तबकडी फिरवायची राहिली, तर एकाच पुंगळीत दारू दोनदा पडते. .३८ स्पेशलची पुंगळी मुळात जुन्या काळ्या दारूच्या हिशेबाने योजलेली. आजची बिनधुराची दारू तिच्या तळाशीच राहते. दुप्पट पडली तरी ती बाहेर सांडत नाही, पण हत्यार हातात फोडू शकते. उलट, दारू पडलीच नाही तर एकटी टोपी गोळीला नळीत अर्ध्यावर नेऊन अडकवते. मागून दुसरी झाडली तर नळी फुटू शकते.

म्हणून दांडा अडला की जोर लावू नये. चारही घरे रिकामी करावीत, प्रत्येक पुंगळीत डोकावून पाहावे आणि शंका येईल तेथील दारू ओतून पुन्हा तोलून भरावी.

मग कारण घराघराने शोधावे. टोपी वर राहते काय? तबकडी सैल असेल, टोपी बसवणाऱ्या दट्ट्याखाली कचरा असेल, किंवा पुंगळी लष्करी असून टोपीच्या खळग्याची कड दाबलेली असेल. टोपी बुडाशी सपाट किंवा केसभर आत हवी. भरलेल्या काडतुसाची उंच टोपी मात्र पुन्हा दाबू नये. ते काडतूस बाजूला काढावे. दारू कमीजास्त पडते काय? मापाची सरकती पट्टी पुरती मागे येते की नाही ते पाहावे, आणि ठरावीक काडतुसांमागे एकदा वजन करावे. आपोआप फिरणाऱ्या प्रेसवर दारू उडते काय? मग तबकडी झटक्याने थांबत असेल; तिची आवळण तपासावी.

देखभाल साधी आहे. झाडलेल्या टोपीच्या काजळीत शिसे असते. ती ओल्या फडक्याने पुसावी आणि हात धुतल्याखेरीज घास तोंडात घालू नये. मुख्य दट्ट्याला व सांध्यांना वंगण द्यावे, पण टोप्यांना आणि दारूला तेलाचा हात लागू नये. तेलाने त्या निकामी होऊ शकतात. डोळ्यांवर चष्मा हवाच.

नगावर मजुरी मिळणारा कामगार अडलेल्या यंत्रावर जोर का लावतो, हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. यंत्र थांबले की मजुरी थांबते. आणि अपघात झाला की त्यालाच बेफिकीर म्हणतात. घरी काडतुसे भरणाऱ्याच्या डोक्यावर मुकादम नसतो, तरी तासाला किती निघाली हा हिशेब त्यालाही तीच घाई लावतो. तेव्हा थांबून तपासण्याचा वेळ कामाच्याच वेळात धरला पाहिजे. घरी तो माणसाने स्वतः धरावा. कारखान्यात तो मालकाने धरावा, आणि धरत नसेल तर कामगारांनी मागून घ्यावा.