खनिजसंपत्ती आणि स्थानिक उद्योग : बोत्स्वानाचे उदाहरण

भूगर्भात विपुल खनिजे आहेत एवढ्यावरून एखादा देश औद्योगिक होत नाही. कच्चा माल परदेशी गेला की त्यावरील प्रक्रियेतून मिळणारे कौशल्य आणि रोजगारही परदेशी जातात. ते देशात कसे आणता येतात व त्याला मर्यादा कोणत्या, हे बोत्स्वानाच्या उदाहरणावरून पाहू.

हक्क आणि महसूल : दक्षिण आफ्रिकेच्या उत्तरेस असलेला हा देश १९६६ साली स्वतंत्र झाला. तेव्हा पशुपालन हाच त्याचा मुख्य आधार होता. १९६७ मध्ये ओरापा येथे हिरे सापडले. त्याच वर्षी कायद्याने खनिजांचे हक्क जमातींकडून राज्याकडे आले. राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा ज्या जमातीच्या प्रमुख घराण्यातील होते, तिच्याच प्रदेशात ओरापा होते, हे येथे लक्षात घ्यावे. खाणकंपनीत डी बिअर्सबरोबर सरकारचा वाटा पुढे निम्मा झाला. या उत्पन्नातून रस्ते, शाळा व दवाखाने उभे राहिले. मात्र कच्च्या हिऱ्यांची विक्री लंडनमध्येच होत राहिली. म्हणजेच महसूल मिळाला, पण उद्योग मिळाला नाही.

वाटाघाटी आणि उद्योग : पुढे ज्वानेंग या समृद्ध खाणीच्या भाडेपट्ट्याचे नूतनीकरण आले. ही संधी सरकारने साधली. २००६ च्या करारानुसार काही कच्चे हिरे देशातील पैलू पाडणाऱ्या कारखान्यांना मिळू लागले. २०१३ मध्ये डी बिअर्सचे विक्रीकेंद्रही लंडनहून राजधानी गॅबरोन येथे आले.

मर्यादा : कराराने माल मिळतो, कौशल्य मात्र सरावाने येते. जगातील बहुसंख्य हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या सुरतेत हिऱ्यांची खाण नाही. तिचे बळ कारागिरांच्या अनुभवात व कमी खर्चात आहे. त्यामुळे बोत्स्वानात मुख्यतः मोठ्या हिऱ्यांचेच काम परवडते. शिवाय प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यांमुळे अलीकडे नैसर्गिक हिऱ्यांची मागणी घटली आहे. खाण आणि कारखाना एकाच वस्तूवर अवलंबून असल्याने महसूल व रोजगार दोन्ही एकाच वेळी संकटात येतात.

थोडक्यात, मालकी हक्काने महसूल मिळतो, वाटाघाटींनी उद्योग येतो; पण तो टिकवण्यासाठी कौशल्य आणि अन्य व्यवसायांची जोड आवश्यक असते.

स्वयंअध्ययन प्रश्न : ‘महसूल म्हणजे उद्योग नव्हे’ हे विधान बोत्स्वानाच्या आधारे स्पष्ट करा.